बाजार उठल्यावर

मोहटोल्याचा बाजार गुरुवारी भरतो आणि तो चुकीच्या जागी भरतो, असं नगरपंचायतीचं म्हणणं होतं. बरोबर जागा तहसील कार्यालयाच्या मागे होती. चार वर्षांपूर्वी तिथे साठ ओटे बांधले गेले. पक्के, वर टिनाचं छप्पर, प्रत्येकावर पिवळ्या रंगात नंबर. उद्घाटनानंतरच्या पहिल्या गुरुवारी पोलिसांनी सगळ्यांना नेऊन तिथे बसवलं. दुसऱ्या गुरुवारी निम्मे आले, आणि तिसऱ्या गुरुवारी पोलिसांना दुसरं काम लागलं. तेव्हापासून ओट्यांवर बकऱ्या बसतात. बाजार पुन्हा तलावाच्या पाळीखालच्या मैदानावर भरू लागला. कुरखेड्याकडून येणारा रस्ता मैदानाला चिकटून जातो, त्यामुळे गुरुवारी दुपारी एसटी अर्धा तास अडकते, आणि ड्रायव्हर खाली उतरून चहा पितो.

नगराध्यक्ष दिनेशभाऊ भोयर यांना त्या मैदानावर बगीचा हवा होता. त्यात कारंजं, सेल्फी पॉइंट आणि रस्त्याच्या बाजूला कमान. काम नागपूरच्या एका लहान कंपनीला मिळालं आणि कंपनीने दिव्यानी गुरनुलेला दोन महिन्यांसाठी मोहटोल्याला पाठवलं.

दिव्यानी सत्तावीस वर्षांची होती. वडील माजरीला कोळसा खाणीत फिटर, त्यामुळे बालपण कॉलनीत गेलं. तिथले रस्ते पट्टीने ओढल्यासारखे सरळ होते, आणि सगळी क्वार्टरं सारखी. शहररचनेचं शिक्षण घेताना तिला नकाशे चटकन जमायचे, याचं कारण तेच असावं असं ती स्वतःच म्हणायची. मोहटोल्यात तिने दादाजी लाकडे यांच्या घरची मागची खोली भाड्याने घेतली. दादाजींचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि ते नगरपंचायतीचे सदस्यही होते. दुकानात ते जास्त बोलायचे, सभेत कमी. त्यांची बायको आशाबाई दिव्यानीला दोन्ही वेळचं जेवण द्यायची आणि ती जेवत असताना समोर बसून राहायची. "एकटीनं जेवलं का अंगी लागत नाई," असं तिचं म्हणणं.

पहिल्या गुरुवारी दिव्यानी छापील फॉर्म घेऊन बाजारात फिरली. ओट्यांवर का बसत नाही, हा त्यातला सातवा प्रश्न होता.

"बसू ना बाई," लसणाची बाई म्हणाली. "पुढच्या खेपी बसू."

"तिथे काही अडचण आहे का?"

"नाई जी. चांगलं हाय. सरकारनं बनवलं म्हंजे चांगलंच राहीन."

दिव्यानीने त्या दिवशी त्र्याहत्तर फॉर्म भरले. संध्याकाळी खोलीत बसून तिने ते चाळले. सातव्या प्रश्नाखाली सगळीकडे जवळपास एकच उत्तर होतं: अडचण नाही.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला ती रिकाम्या मैदानाची मोजणी करायला गेली. मैदान रिकामं नव्हतं. बाजार उठल्यावर मागे राहतं ते सगळं तिथे होतं, आणि एक बाई लांब दांड्याचा खराटा घेऊन पाळीकडच्या टोकापासून झाडत येत होती. पंचेचाळिशीची, काटक, नगरपंचायतीच्या ठेकेदाराने दिलेलं हिरवं जाकीट घातलेली. तिचं नाव सुकरी नैताम. अकरा वर्षं ती हे मैदान झाडत होती.

"मॅडम, जरा सरका," ती म्हणाली. "मासोळीच्या खवल्यात उभ्या राह्यल्या तुमी. चप्पल दोन दिवस वास मारीन."

दिव्यानीने खाली पाहिलं. खरंच खवले होते.

"इथे मासे विकतात का?"

"दोघी बसतात. तिसरी तिकडं, पान्याजवळ. तिचं अन या दोघीयचं पटत नाई."

दिव्यानीने टेप गुंडाळली. तिने काल याच जागी 'भाजी' असं लिहिलं होतं, कारण ती आली तेव्हा मासळीवाल्या उठून गेल्या होत्या. ती सुकरीच्या मागे चालू लागली आणि विचारत गेली. सुकरी न थांबता, झाडता झाडता सांगत गेली. वांग्याचे देठ पडले ते चामोर्शीकडच्या माणसाचे, तो कुठेही बसला तरी झाडाला पाठ लावून बसतो. फाटक्या पुठ्ठ्याला टाचलेल्या पिना, म्हणजे पोरींच्या बांगड्या-क्लिपांचं दुकान. हिरवी पानं पळसाची, वास्ते बांधून आणतात ती. बांबूचे हे कोवळे कोंब विकायला नदीपलीकडच्या बाया येतात. मग पाळीच्या उतारावर भुईमुगाच्या फोलांचा आणि तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पन्न्यांचा एक लांब पट्टा लागला, तीस-चाळीस पावलांचा.

"इथे कोण विकतं?"

"कोनीच नाई. इथी लोक बसतात. गाडी भरेपर्यंत बसा लागते ना. काळीपिवळी जीप माणसं भरल्याशिवाय हालत नाई. कोनी दोन घंटे बसते, कोनी तीन."

"आणि ओटे? तिकडे का जात नाहीत?"

सुकरीने पहिल्यांदा खराटा थांबवला. "ओटा तुमच्या कमरेइतका हाय. डोक्यावर टोपली घेऊन चार कोस चालत आलेली बाई. टोपली उतरवाले दुसरा माणूस लागते. उतरवली तं आता वर चढ. लुगडं नेसून चढून दाखवा तुमी. चढली, बसली, पाय खाली सोडले, तं समोर गिऱ्हाईक उभा. पाय त्याच्या पोटाले लागतात."

"हे काल मला एकानेही सांगितलं नाही."

"तुमी कागद घेऊन गेल्या. कागदवाल्याले लोक हो म्हनतात."

त्या दिवसापासून दिव्यानीने फॉर्म बंद केले. तिने सुकरीला विनंती केली की शुक्रवारी साडेसातपर्यंत झाडायला सुरुवात करू नये. मुकादम नऊला यायचा, तेवढ्यात सगळं उरकावं लागायचं. सुकरीने थोडा विचार केला आणि हो म्हणाली, पण अट घातली: एका बाजूने दिव्यानीनेही खराटा धरायचा. पुढचे तीन शुक्रवार दोघी पहाटे मैदानावर जात. सुकरी कचरा ओळखायची, दिव्यानी चुन्याने रेघ मारायची, फोटो काढायची, आणि मग दोघी झाडायच्या. दिव्यानीच्या तळहाताला फोड आले. आशाबाईने त्यावर हळद-तेल लावलं आणि इंजिनिअर पोरीला झाडू मारायला लावते म्हणून सुकरीला दारातूनच चार शब्द सुनावले. सुकरी हसली.

या रेघांवरून जो नकाशा तयार झाला तो दिव्यानीने आतापर्यंत काढलेल्या सगळ्या नकाशांपेक्षा वेगळा होता. त्यात एकही रेघ सरळ नव्हती. तिला तो आवडला आणि आवडल्याचं तिला थोडं आश्चर्यही वाटलं. त्याच्या आधारे तिने नवा आराखडा केला. बाजार हलवायचा नाही. विकणाऱ्यांसाठी जमिनीपासून वीतभर उंचीचे लांब ओटे. पाळीच्या उतारावर बसायला पायऱ्या. मैदानावरची करंजाची सातही झाडं राखायची. एसटीसाठी रस्ता मैदानाच्या बाजूने चार फुटांनी रुंद करायचा. कारंजं तहसीलमागच्या जुन्या ओट्यांकडे न्यायचं.

राहिला रंगमंच. सार्वजनिक कार्यक्रमांसाठी मंच हवाच, असं दिनेशभाऊंनी सांगितलं होतं. दिव्यानीने त्यासाठी मैदानाच्या मधोमध, दोन करंजांच्या आणि पाळीच्या मध्ये जागा दिली. साधारण वीस फूट बाय पंधरा. तिन्ही शुक्रवारी तो तुकडा स्वच्छ होता. फोल नाही, पन्नी नाही, पान नाही. "इथे काहीच नाही," असं ती पहिल्याच शुक्रवारी म्हणाली होती, आणि सुकरी म्हणाली होती, "तिथी झाडा लागत नाई." दिव्यानीने वहीत लिहिलं: वापर नाही.

आराखडा नागपूरला गेला. कंपनीचे मालक निकेश सर खूश झाले. त्यांनी संगणकावर मंचाचं रंगीत चित्र करून घेतलं. दिवे, झेंडे, समोर खुर्च्यांवर बसलेली माणसं. दिनेशभाऊंना बगीचा गेल्याचं वाईट वाटलं होतं, ते चित्र पाहून भरून निघालं. त्यांनी तो फोटो मोबाइलच्या स्टेटसला ठेवला.

पाचव्या गुरुवारी दिव्यानी काम नसताना बाजारात गेली. वांगी घ्यायची होती, एवढंच. दुपारचे दोन वाजले असतील. करंजाखाली कपड्यांच्या दुकानदाराने लावलेला भोंगा अचानक बंद झाला म्हणून तिने तिकडे पाहिलं. त्या मोकळ्या तुकड्यात एक म्हातारी येऊन बसली होती. सोबत टोपली नाही, पिशवी नाही. ती जमिनीकडे बघत होती. थोड्या वेळाने वास्तेवाल्यांतली एक बाई आपला माल तसाच सोडून उठली, तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिने म्हातारीच्या पाठीवर हात ठेवला. मग दुसरी आली. मग दोन पुरुष आले, डोक्यावरचा रुमाल काढून उकिडवे बसले. कोणी काही बोलत असलं तरी ऐकू येत नव्हतं. येणारे येत राहिले, थोडं बसून उठत राहिले. दहा पावलांवर कांद्याचा भाव चालू होता, पण हलक्या आवाजात. दिव्यानीने सवयीने मोजायला सुरुवात केली आणि चाळीसच्या पुढे सोडून दिली.

म्हातारीचं नाव बुधरी. तिचा नवरा पत्रू तीन आठवड्यांपूर्वी गेला होता. तेव्हा नदीला पूर होता आणि रस्ता बंद. अलीकडच्या गावांतले नातेवाईक मातीला जाऊ शकले नाहीत. आज पाणी उतरलं आणि ती बाजाराला आली. हे सगळं दिव्यानीला दुसऱ्या दिवशी सुकरीने सांगितलं.

"मेल्याची खबर तिथी देतात," सुकरी म्हणाली. "पोरीचं जमलं तं थे बी तिथीच सांगतात. चाळीस गावं येतात बाजाराले, घरोघरी कोन जाईन सांगाले? माह्या सासूच्या आगुदरपासून असंच हाय. म्हून तिथी कोनी थुकत नाई, काई टाकत नाई."

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगतली ना. तिथी झाडा लागत नाई, म्हनलं."

"मी तिथे मंच काढला आहे."

सुकरी म्हणाली, "तुमी म्हनल्या का इथी काई नाई. मले वाटलं तुमाले समजलं. तिथी काई नाई पाह्यजे, म्हूनच तुमी काई नाई म्हनता."

दिव्यानी खोलीत जाऊन नकाशासमोर बसली. तिला स्वतःचा राग आला, पण त्याहून जास्त तिला लाज वाटली, कारण हा आराखडा आपण लोकांकडून शिकून केला असं तिने निकेश सरांना पत्रात लिहिलं होतं.

तिने फोन केला. निकेश सर शांतपणे ऐकत होते.

"मंच दहा फूट सरकव ना मग."

"सर, दहा फुटांनी नाही भागणार. तो तुकडा रिकामा ठेवावा लागेल."

"चित्र मंजूर झालंय, दिव्यानी. नगराध्यक्षांना तेच आवडलंय. आता ते बदलायचं तर सभेत तू बोल. मी येणार नाही."

सभा पुढच्या मंगळवारी होती. दिव्यानीने सुकरीला सोबत चलायला सांगितलं.

"मी नाई येत."

"तुम्ही सांगितलंत तर त्यांना पटेल. मी सांगितलेलं पुस्तकी वाटेल."

"बाई, तुमी नागपूरले जासान. मी ठेकेदाराच्या हाताखाली हाओ. सभेत जाऊन अध्यक्षाच्या तोंडावर मंच नको म्हनू? उद्या माह्या हातातला झाडू दुसरीच्या हातात दिसन." मग तिने अजून एक गोष्ट सांगितली. "माहं नाव बी घेऊ नका."

दिव्यानीने नाव घेतलं नाही. सभागृहात सतरा सदस्य होते, एक इंजिनिअर, आणि भिंतीवर मंचाचं रंगीत चित्र. ती उभी राहिली आणि मंच मैदानाच्या दक्षिण टोकाला, शाळेच्या भिंतीलगत नेण्याचा प्रस्ताव तिने मांडला. कारण विचारल्यावर तिने पाहिलं तसं सांगितलं. बुधरीचं नावही तिने घेतलं नाही. एका बाईचा नवरा गेला होता, एवढंच म्हणाली.

दिनेशभाऊ वाईट माणूस नव्हते. त्यांनी मान हलवली. "ठीक हाय. लोकांच्या भावना हायेत. मंग त्या जागेवर काय बनवाचं?"

"काही नाही."

"काई नाई म्हंजे?"

"मोकळी ठेवायची. आहे तशी."

इंजिनिअरने पेन खाली ठेवलं. "मॅडम, काही नाही असं अंदाजपत्रकात लिहिता येत नाही. तीनशे चौरस फूट जागा कोरी सोडली तर ऑडिटवाले विचारतील की राहिली कशी. काहीतरी दाखवावं लागेल."

"हातपंप दाखवा," एक सदस्य म्हणाला.

"पुतळा," दुसरा म्हणाला, आणि कोणाचा यावर दहा मिनिटं गेली.

दिव्यानी उभीच होती. काय बांधायचं हे तिला शिकवलं होतं. न बांधण्यासाठी कोणता शब्द वापरायचा, ते कोणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा दादाजी बोलले. वर्षभरात ते सभेत पहिल्यांदा बोलत होते, असं नंतर कोणीतरी म्हणालं.

"इंजिनिअर सायेब, तुमच्या दरपत्रकात मुरूम टाकून दाबाचं काम राह्यते का नाई?"

"असतं. मुरूम पसरवणे, पाणी मारणे, रोलर फिरवणे."

"मंग थेच लिहा ना. तीनशे फूट मुरूम. बनवलं म्हंजे बनवलं, अन दिसाले काईच नाई."

लोक हसले. दिनेशभाऊही हसले, आणि म्हणाले, "पन कमान राहीन. कमानीचं मी कोनाचं ऐकनार नाई." असा ठराव झाला. मंच शाळेच्या भिंतीलगत, मधे मुरूम, रस्त्याकडे कमान. दिव्यानीला कमान कुरूप वाटत होती, पण तिने विरोध केला नाही. त्या संध्याकाळी आशाबाईने खीर केली. दादाजी नेहमीपेक्षा जरा ताठ बसून जेवले, आणि सभेत आपण नेमकं काय म्हणालो ते त्यांनी दोनदा सांगितलं.

पंधरा दिवसांनी दिव्यानी नागपूरला परतली. मोहटोल्याच्या दुसऱ्या टप्प्याचं काम कंपनीला मिळालं नाही. निकेश सर तिला काही बोलले नाहीत, पण पुढची दोन कामं त्यांनी दुसऱ्याला दिली. ती आठ महिन्यांनी तिथून बाहेर पडली आणि चंद्रपूरला एका संस्थेत लागली. पगार कमी होता, फिरणं जास्त.

सव्वा वर्षानंतर, जानेवारीत, ती कुरखेड्याला एका कामासाठी गेली होती. गुरुवार होता. परतताना ती मोहटोल्याला उतरली.

बरंच जमलं होतं आणि थोडं फसलं होतं. पाळीच्या पायऱ्यांवर माणसं खचाखच बसली होती. लांब ओट्यांपैकी रस्त्याकडचे भरलेले होते, आतले रिकामे. तिथे कोणीतरी धान वाळत घातलं होतं. मंच तिने काढला त्यापेक्षा दुप्पट मोठा झाला होता आणि त्यावर दिनेशभाऊंचं नाव होतं. एसटी मात्र अडकत नव्हती. ड्रायव्हर तरीही उतरून चहा पीत होता. करंज सात होते, त्यातला एक छाटलेला. मधल्या मुरमाच्या एका कोपऱ्यात कोणीतरी सिमेंटचा बाक आणून ठेवला होता. त्यावर कोणी बसत नव्हतं.

ती सुकरीला शोधत होती. सुकरी गुरुवारी कामावर नसते, पण बाजाराला असते. ती पायऱ्यांपाशी सापडली. दिव्यानीला पाहून ती उठली, पण नेहमीसारखी हसली नाही.

"तुमाले खबर लागली म्हून आल्या काय?"

"कसली खबर?"

सुकरीने मैदानाच्या मध्याकडे पाहिलं. दिव्यानीनेही पाहिलं. मुरमावर, बाकापासून लांब, दादाजी बसले होते. एकटे, पायजम्याचे गुडघे जवळ घेऊन. समोर त्यांची चप्पल काढून ठेवलेली होती.

"आशाबाई?" दिव्यानीने विचारलं.

"सोमवारी. दवाखान्यात नेता नेता." सुकरी हळू बोलत होती. "गावातले लोक तं घरी येऊन गेले. पन त्यायचं दुकान बाजारातल्या लोकायवर चाले ना. नदीपलीकडच्या अर्ध्या सायकली त्यायनंच बनवल्या. सकाळी येऊन मले इचारलं, सुकरी, मी तिथी बसलो तं चालन काय? तुमची जागा हाय, म्हने."

"मग?"

"मी म्हनली, बसा भाऊ. कोन नाई म्हनन?"

गावातलं कोणी तिथे बसल्याचं सुकरीने याआधी पाहिलं नव्हतं. सुरुवातीला लोक थोडे बिचकले, असं तिने सांगितलं. मग बुधरी आपली टोपली सोडून गेली, आणि बाकीचे आले.

दिव्यानीने पायऱ्यांच्या कडेला चप्पल काढली. मुरूम दुपारच्या उन्हाने तापला होता आणि पायांना टोचत होता. ती दादाजींच्या शेजारी जाऊन बसली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ओळखलं. दोन पुरुष आले, बसले, उठले. एक बाई तान्हं पोर कडेवर घेऊन आली, तिने दादाजींच्या पायाशी वाकून काहीतरी गोंडीत म्हटलं. दादाजींना गोंडी थोडी यायची, सायकलीपुरती. त्यांनी मान हलवली.

"घरी चाल मंग," बऱ्याच वेळाने ते दिव्यानीला म्हणाले. "पोरगी आली हाय नागभीडवरून. तुह्याबद्दल आशाबाई लय सांगे तिले."

"येते," दिव्यानी म्हणाली.

पण ते लगेच उठले नाहीत. बाजार उठायला अजून दोन तास होते आणि पाळीवरून माणसं उतरत होती. दिव्यानी थोडी मागे सरकली, येणाऱ्यांना त्यांच्यासमोर बसायला जागा व्हावी म्हणून.